कपाटातली डिस्क अजून कपाटातच राहू द्या

प्रश्न : आई जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या शेवटच्या वर्षात मी तिला बोलतं करून तिच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड करत गेले. अशी साठेक रेकॉर्डिंग, तिचे फोटो आणि थोडे व्हिडिओ १ टीबीच्या एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर होते. मागच्या आठवड्यात डिस्क भरत आली, जेमतेम ३ जीबी जागा उरली. ‘आई जुने’ नावाचं ४० जीबीचं फोल्डर ही ‘आई सर्व’चीच दुसरी प्रत आहे असं समजून मी ते शिफ्ट दाबून डिलीट केलं आणि ऑफिसच्या १० जीबी फायली त्यावर टाकल्या. रात्री ‘आई सर्व’ उघडलं, तर त्यात निम्मे फोटो होते, रेकॉर्डिंग एकही नव्हतं. तेव्हापासून डिस्क काढून कपाटात ठेवली आहे. संगणक विंडोजचा आहे. भाचा म्हणतो, सॉफ्टवेअर टाकून परत आणू. ओळखीचे एक जण म्हणतात, शिफ्ट डिलीट म्हणजे कायमचं गेलं. भावाला आणि बहिणीला अजून काही सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू? काय करू?

उत्तर : ताई, कळल्याबरोबर डिस्क काढून ठेवलीत, यापेक्षा चांगलं तुम्ही काहीच करू शकला नसतात. अशा वेळी बहुतेक जण घाबरून डिस्क पुन्हापुन्हा लावतात, मिळेल ते सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवतात, आणि जे शाबूत होतं तेही स्वतःच्या हाताने पुसतात. तुमच्या बाबतीत तसं झालेलं नाही. ती डिस्क अजून काही दिवस तिथेच राहू द्या. हार्ड डिस्कवरची माहिती कपाटात पडून काही आठवड्यांत विरत नाही. तयारी नीट होईपर्यंत थांबलात तर काही बिघडणार नाही.

आता ओळखीच्या गृहस्थांचं म्हणणं. शिफ्ट डिलीट म्हणजे कायमचं गेलं, हे खरं नाही. शिफ्ट दाबल्यामुळे फाइल रीसायकल बिनमध्ये न जाता थेट डिलीट झाली, इतकंच. थेट डिलीट झाली म्हणजे काय झालं, ते समजून घेतलंत तर पुढची प्रत्येक गोष्ट का करायची हे आपोआप कळेल.

विंडोजवर वापरायच्या हार्ड डिस्कवर बहुधा एनटीएफएस ही रचना असते. तिच्यात प्रत्येक फाइलची एक नोंद एका तक्त्यात असते: फाइलचं नाव, आकार, तारखा आणि तिचा मजकूर डिस्कवर नेमका कुठे ठेवला आहे तो पत्ता. फाइल डिलीट केली की त्या नोंदीवर ‘वापरात नाही’ अशी खूण होते आणि तिने अडवलेली जागा मोकळी म्हणून जाहीर होते. मजकुराला कुणी हात लावत नाही. म्हणून तर ४० जीबी कॉपी करायला बराच वेळ लागतो आणि डिलीट करायला काही क्षण पुरतात. हजेरीपटावरून मुलाचं नाव खोडलं, पण मुलगा वर्गात आपल्या बाकावर बसलेलाच आहे, असं समजा. धोका पुढे असतो. बाक रिकामा आहे असं कागदोपत्री ठरल्यामुळे तिथे दुसऱ्याला बसवलं जाऊ शकतं. आणि डिस्कवर एकदा दुसरा बसला की पहिला उरत नाही. ज्या जागेवर नवी माहिती लिहिली गेली तिथली जुनी माहिती कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

म्हणून तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला आकडा ४० नाही, १० आहे. डिस्क भरलेली होती, मोकळी जागा फक्त ३ जीबी. तेव्हा ऑफिसच्या त्या १० जीबीतले कमीत कमी ७ जीबी आईच्या फोल्डरने मोकळ्या केलेल्या जागेतच गेले असणार. जास्तीत जास्त १० जीबी. हे मी तुमच्यापासून लपवत नाही, काही फायली गेल्या आहेत. शिवाय एखाद्या फाइलचा छोटा तुकडा जरी दबला तरी ती पूर्ण फाइल जायबंदी होते. पण हिशोबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ४० पैकी निदान ३० जीबी मजकूर आज जिथे होता तिथेच आहे. आणि रेकॉर्डिंग फोटो-व्हिडिओंच्या मानाने लहान असतात. साठ फायली डिस्कवर विखुरलेल्या असतील, तर त्या सगळ्याच्या सगळ्या दबल्या गेल्याची शक्यता मला कमी वाटते.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. तुमची डिस्क खरंच फिरणाऱ्या तबकडीची हार्ड डिस्क आहे की एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी? चालू असताना हलकी घरघर किंवा कंप जाणवत असेल तर ती हार्ड डिस्क. अगदी हलकी, चपटी आणि पूर्ण निःशब्द असेल तर एसएसडी असू शकते. खोक्यावर किंवा डिस्कच्या मागे लिहिलेलं असतंच. फरक यासाठी महत्त्वाचा, की एसएसडीला फाइल डिलीट झाल्याचं संगणक ‘ट्रिम’ नावाच्या आज्ञेने कळवतो, आणि मग ती जागा वाचायला गेलं की फक्त शून्यं मिळतात. यूएसबीवरून ही आज्ञा दर वेळी आतपर्यंत पोचतेच असं नाही, मधल्या चिपवर ते अवलंबून असतं, म्हणून एसएसडी निघाली तरी प्रयत्न सोडू नका. फक्त ती विजेवर ठेवू नका, कारण वीज मिळाली की ती आतल्या आत आपली साफसफाई करत बसते. काही नव्या हार्ड डिस्कही ट्रिम मानतात. पण तुम्ही ‘हार्ड डिस्क’ म्हणता आणि १ टीबी म्हणता, तेव्हा पुढचं सगळं मी ती साधी फिरणारी डिस्क आहे असं धरून लिहितो.

भाच्याला मदतीला घ्या. मुलाचा उत्साह कामाचा आहे, फक्त त्याच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घ्या. सॉफ्टवेअर संगणकाच्या आतल्या डिस्कवर ठेवायचं, आईच्या डिस्कवर नाही. आणि सापडलेली एकही फाइल आईच्या डिस्कवर परत उतरवायची नाही. दुसरी चूक मी स्वतः एकदा केली आहे. जागा होती म्हणून सापडलेले फोटो त्याच डिस्कवर वाचवत गेलो. पहिले दोनशे फोटो परत आले, आणि ते ज्या जागेवर लिहिले गेले तिथे जे पुढचे फोटो होते, ते त्यांनीच मिटवले. ते दोनशे फोटो पाहताना आजही मला आनंद होत नाही.

आता प्रत्यक्ष काम. सॉफ्टवेअर मूळ डिस्कवर चालवण्याआधी त्या डिस्कची जशीच्या तशी प्रत करा. हिला ‘इमेज’ म्हणतात. ही नेहमीची कॉपी-पेस्ट नव्हे. नेहमीच्या कॉपीत फक्त दिसणाऱ्या फायली येतात, इमेजमध्ये मोकळी म्हणून जाहीर झालेली जागासुद्धा कणाकणाने उतरते, आणि आपल्याला हवं ते सगळं त्या ‘मोकळ्या’ जागेतच आहे. इमेज झाली की मूळ डिस्क परत कपाटात. मग प्रतीवर कितीही प्रयोग करा, चुका करा, पुन्हा सुरुवात करा, मूळ डिस्कचं काही बिघडत नाही.

त्यासाठी आणखी एक डिस्क लागेल, आणि ती २ टीबीची घ्या. १ टीबीची पुरणार नाही, कारण इमेजच जवळजवळ १ टीबीची होईल आणि सापडलेल्या फायली ठेवायला वेगळी जागा हवी. नव्या डिस्कची रचना एनटीएफएस किंवा एक्सफॅट असू द्या. फॅट३२ असेल तर तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, आणि इमेज अर्ध्यावर अडेल. वेळेचाही अंदाज ठेवा. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर १ टीबी वाचायला पावणेतीन तास लागतात. प्रत्यक्षात जास्तच लागतील. संगणक मध्येच झोपी जाणार नाही अशी सेटिंग करून ठेवा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावा.

आईची डिस्क जोडल्यावर विंडोज कदाचित विचारेल, या ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करू का? नाही म्हणा. फॉरमॅट करू का असं विचारलं तर तर नक्कीच नाही. ‘दुरुस्ती’ म्हणजे त्या तक्त्यात फेरफार, आणि आपल्याला तक्ता आत्ता जसा आहे तसाच हवा आहे. डिस्कवरची फोल्डरं उघडून बघू नका, नाव बदलू नका, ऑफिसच्या त्या १० जीबी फायली ‘जागा परत मोकळी करावी’ म्हणून काढूही नका. त्या काढल्याने दबलेलं वर येत नाही.

इमेज करायला आणि शोधायला मी टेस्टडिस्क आणि फोटोरेक सुचवेन. दोन्ही क्रिस्टोफ ग्रेनिए यांनी लिहिलेली आहेत, एकाच पुडक्यात येतात, फुकट आहेत, त्यांचा कोड सर्वांना खुला आहे, आणि इन्स्टॉल न करता चालतात. दिसायला जुनाट आहेत, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. भाच्याला सांगा, घाई न करता प्रत्येक ओळ वाचून मगच एंटर दाबायचं. टेस्टडिस्कच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात इमेज तयार करायची सोय आहे. मग ती इमेज टेस्टडिस्कमध्येच उघडून ‘अनडिलीट’ निवडा. डिलीट झालेल्या फायलींची यादी नावासकट दिसेल. त्यात ‘आई जुने’ दिसलं तर तिथून जे जे मिळतं ते आधी नव्या डिस्कवर उतरवून घ्या. या वाटेने आलेल्या फायली मूळ नावाने, मूळ तारखेने येतात, म्हणून पहिला प्रयत्न नेहमी हाच.

सगळं मिळेल असं मात्र धरू नका, आणि न मिळाल्यास खचू नका. ऑफिसच्या फायली टाकल्यात तेव्हा त्यांच्या नोंदींसाठी एनटीएफएसने तक्त्यातल्या मोकळ्या झालेल्या जुन्या नोंदीच वापरल्या असणार. म्हणजे काही रेकॉर्डिंगांची नोंद गेली असेल, पण आवाज डिस्कवर तसाच असेल. नाव नाही, पत्ता नाही, माणूस मात्र आहे. अशांना शोधायला फोटोरेक. ते तक्त्याकडे बघतच नाही. ते मोकळी जागा सुरुवातीपासून वाचत जातं आणि फायलींच्या ओळखखुणा शोधतं. प्रत्येक जेपीजी फोटोची सुरुवात एफएफ, डी८, एफएफ या ठरावीक तीन बाइटांनी होते. ती खूण दिसली की इथे फोटो सुरू झाला असं ते ओळखतं. इतर प्रकारच्या फायलींच्याही अशाच खुणा असतात.

फोटोरेक एका टप्प्यावर विचारतं, पूर्ण डिस्क शोधू की फक्त मोकळी जागा? ‘फ्री’ म्हणजे मोकळी जागा निवडा. ‘होल’ निवडलंत तर डिस्कवर आजही सुखरूप असलेल्या हजारो फायलीसुद्धा पुन्हा बाहेर निघतील आणि त्या ढिगात आईला शोधणं अवघड होईल. फायलींचे प्रकार निवडायची सोय असते, तिथे फोटो आणि एमओव्ही-एमपी४चं कुटुंब ठेवा. फोनवरची बरीच रेकॉर्डिंग एम४ए प्रकारची असतात, आणि एम४ए आतून एमपी४सारखीच असते. त्यामुळे सापडलेल्या रेकॉर्डिंगच्या नावाला शेवटी तुम्हाला अपेक्षित नसलेलं काहीतरी लागलेलं असू शकतं. नावावरून काही टाकून देऊ नका, व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावून ऐका.

फोटोरेकने काढलेल्या फायलींना नावं नसतात, नुसते आकडे असतात. फोटोंचं त्यात फारसं अडत नाही, कारण कॅमेरा आणि फोन फोटोच्या आतच काढल्याची तारीख लिहून ठेवतात आणि त्या तारखेने ते लावता येतात. रेकॉर्डिंग मात्र एकेक ऐकून ओळखावी लागतील. हे काम वेळ घेईल. आणि, ताई, ते सोपंही नसेल. कुठली फाइल लावल्यावर कोणत्या वाक्यावर आई सुरू होईल ते आधी कळणार नाही. एका बैठकीत साठ ऐकायचा हट्ट धरू नका. शक्य असेल तर कुणाला तरी शेजारी बसवा.

सापडली म्हणजे धड आहे असंही नसतं. काही फोटो वरून नीट आणि खालून राखाडी निघतील. त्यांचा खालचा भाग नव्या फायलींखाली दबला. काही व्हिडिओ चालणारच नाहीत. मोठी फाइल डिस्कवर अनेक ठिकाणी तुकड्यांत ठेवलेली असू शकते, आणि तक्त्याची नोंद नसेल तर ते तुकडे कुठल्या क्रमाने जोडायचे हे फोटोरेकला कळत नाही. लहान फायली सहसा सलग असतात, म्हणून रेकॉर्डिंगबद्दल मला व्हिडिओंपेक्षा जास्त आशा आहे. अर्धे फोटो फेकू नका. अर्ध्या फोटोत चेहरा पूर्ण असतो, असं पुष्कळदा होतं.

एवढं करूनही हवं ते मिळालं नाही, तर पैसे घेणारी चांगली सॉफ्टवेअर आहेत. त्यातली बरीच फुकट स्कॅन करू देतात आणि सापडलेली फाइल आधी दाखवतात. आधी त्यांत आईचं रेकॉर्डिंग वाजलेलं ऐका, मगच पैसे द्या. फुकटात मिळणाऱ्या चोरीच्या प्रतींच्या वाटेला जाऊ नका, त्यांच्याबरोबर व्हायरस घरात येतो. डिस्क जोडल्यावर टकटक आवाज आला, किंवा इमेज करताना वेग एकाएकी घसरून वाचायला चुका येऊ लागल्या, तर तिथेच थांबा आणि डिस्क बंद करा. मग प्रश्न डिलीट झालेल्या फायलींचा राहत नाही, डिस्कच्या तब्येतीचा होतो. ते काम धूळविरहित खोली असलेल्या तज्ज्ञांचं. घरी डिस्क उघडणं, फ्रीजरमध्ये ठेवणं, हातावर आपटणं, यातलं काही म्हणजे काही करू नका.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरून शिफ्ट न दाबता साधं डिलीट केलं असेल, तर विंडोज सहसा ती फाइल त्याच डिस्कवरच्या रीसायकल बिनमध्ये ठेवतं. डिस्क जोडून बिन उघडा, बहुधा तिथेच असेल. पेन ड्राइव्हवरून केलेलं डिलीट मात्र सहसा थेट असतं. मॅकवर डिलीट केलेलं डिस्कवरच्याच लपलेल्या ट्रॅशमध्ये राहतं, म्हणून ती डिस्क पुन्हा त्याच मॅकला जोडून ट्रॅश बघा. आणि ट्रॅश रिकामा केला की जागा मोकळी होईल म्हणून घाईने तो रिकामा करू नका.

आता जे तुम्ही शेवटी विचारलंत, आणि मला वाटतं तेच तुम्हाला सगळ्यात जड जातंय. भावाला आणि बहिणीला सांगा. मी हे मन हलकं व्हावं म्हणून सांगत नाही, तेही होईल, पण माझं कारण वेगळं आहे. न सांगण्यात प्रती हरवत आहेत. दोन वर्षांत यातलं एखादं रेकॉर्डिंग तुम्ही कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवलं नसेल? आईचा वाढदिवस, वर्षश्राद्ध, एखादी रात्र जेव्हा बहिणीने म्हटलं असेल, ‘मला ऐकव ना’? ते त्यांच्या फोनमध्ये आजही असेल. ज्या फोनवर तुम्ही रेकॉर्ड केलंत तो जुना फोन कुणी वापरायला नेला असेल, तर त्यात असेल. ज्या लॅपटॉपवरून तुम्ही फोनमधलं डिस्कवर टाकलंत, त्याच्या डाउनलोड किंवा डेस्कटॉपवरच्या विसरलेल्या फोल्डरमध्ये असेल. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू होता का? फोटो आणि व्हिडिओ तिथे सापडू शकतात, आणि तिथल्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेली वस्तू ६० दिवस राहते. फोटो कॅमेऱ्यातून आले असतील तर ते मेमरी कार्ड शोधा, त्यावर नवे फोटो काढू नका, फोटोरेक त्यावरही चालतं. डिस्कवरून जे परत येणार नाही, ते या लोकांकडून येऊ शकतं. पण त्यांना माहीतच नसेल तर ते शोधणार कसे?

आणि कोणत्या तोंडाने, असं तुम्ही विचारता. ज्या तोंडाने आईला ‘सांग ना, पुढे काय झालं’ असं विचारलंत, त्याच तोंडाने. त्या साठ बैठका तुम्ही बसलात, दुसरं कुणी बसलं नाही. तुम्ही रेकॉर्ड केलं नसतं तर आज डिलीट व्हायला काही नसतंच. भाऊ रागावेल, कदाचित एक दिवस बोलणार नाही. बहीण रडेल. त्यांना तो हक्क आहे, तेही आईलाच गमावून बसले आहेत. पण ते दोघं महिन्याभराने दुसऱ्या कुणाकडून ऐकतील, तर त्यांना फायली गेल्याचं जितकं लागेल त्याहून जास्त, तुम्ही एकट्याने सोसलंत हे लागेल.

सगळं मिळून जे हाती येईल, ते नव्या डिस्कवर एकत्र करा, मग त्याची एक प्रत भावाकडे, एक बहिणीकडे द्या. छायाचित्रकारांमध्ये रुजलेला एक साधा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तुमच्याकडे तिघा भावंडांची तीन घरं आहेत, म्हणजे घराबाहेरची प्रत आपोआप झाली. एक प्रत क्लाउडवर गेली की साधनही वेगळं झालं. मूळ डिस्क लगेच वापरात आणू नका. सगळ्या फायली उघडून, ऐकून, मोजून होईपर्यंत ती तशीच बाजूला राहू द्या.

भावाशी आणि बहिणीशी सविस्तर बोलायला रविवारपर्यंत थांबलात तरी चालेल, पण आज संध्याकाळी दोघांना एवढा एक मेसेज नक्की पाठवा: ‘आईचे फोटो किंवा तिची रेकॉर्डिंग तुमच्या फोनमध्ये असतील, तर सध्या फोनमधलं काहीही साफ करू नका आणि फोन बदलू नका. कारण फोनवर सांगते.’